मरळीचं काळीज

१२ नोव्हेंबर १९३७, तिरोडा

नववी मरळसुद्धा जगली! आठ दिवसांपूर्वी तिच्या हृदयाचं टोक कापलं होतं — तांदळाच्या कणीएवढं — आणि आज बया पाण्याच्या नांदेत अशी मिरवतेय, जशी माहेरपणाला आली आहे. पहिल्या चार एका रात्रीत मेल्या होत्या. दसऱ्यापासून एकही नाही. हात बसला, दुसरं काय!

माणसाच्या हृदयाचा स्नायू एकदा गेला की गेला, तिथे नुसता वण राहतो — कॉलेजात हेच घोकलं. मग माशाचं भरून येतं का? येत असेल तर कसं? ते कळलं तर... पुढचं लिहीत नाही.

देवका पडवीत खाटेवर बसून सगळं बघत असते. हे कोणासाठी चाललंय ते मी तिला कधी सांगितलं नाही. पण बायकोला काही सांगावं लागतं असं नाही.

१७ नोव्हेंबर

बकाराम ढिवर बोदलकस्याच्या तलावावरून रोज सकाळी माठात जिवंत मरळी घालून आणतो. मी उठून थेट दवाखाना गाठतो, नांदा पाहतो त्या संध्याकाळी; मी गेल्यावर तो येतो, नांदांतलं पाणी बदलतो, देवकाशी दोन गोष्टी बोलतो, जातो. आज रस्त्यातच गाठ पडली. स्टेशनमास्तरांकडची मरळ रात्री मेली म्हणून दुसरी द्यायला निघाला होता. म्हटलं, "अरे, त्यात तुझा काय दोष?"

"आमचा नेम हाये सायेब. जित्ती देल्ली त जित्तीच रायली पायजे. बापबी देत होता."

असा धंदा करून म्हातारा पोट कसं भरतो कोण जाणे.

२१ नोव्हेंबर

देवकाला मंडईच्या जत्रेतली दंडार, ढोलकीवरचा नाचगाण्याचा खेळ, पाहायची होती. लग्नाआधी, सडक अर्जुनीकडे माहेरी, एक चुकवली नव्हती म्हणे. बैलगाडीतून नेलं. उतरून वीस पावलं चालली आणि धाप लागली. ओठ निळे. लोक ढोलकीकडे बघत होते, मी तिच्या गळ्यातल्या उडणाऱ्या शिरेकडे. "चाला जी, घरी जाऊ. दिसली मले दंडार," म्हणाली. काहीसुद्धा दिसलं नव्हतं तिला.

घरी येऊन पाय पाहिले. अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो. लहानपणीचा सांध्यांचा ताप, तो हृदयात जाऊन बसलेला. डिजिटॅलिसचे थेंब वाढवले. आणखी काय करणार? एल.एम.पी. डॉक्टर अशी पाटी दारावर लटकते आहे. काढून चुलीत घालावीशी वाटली.

२ डिसेंबर

आज पहिली चाळीस दिवसांची मरळ उघडली. हृदय अखंड! वण नाही, काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तासभर डोळा लावून बसलो — स्नायूचे धागे सलग. गळ्याखाली कातडीवर छेदाची खूणही उरलेली नाही! टाका गळून गेलेला. ओळख म्हणून शेपटीजवळचा पर कापून ठेवतो, तो तेवढा कापलेला. मोठ्याने ओरडलो. देवका दचकली.

"काऊन वरडून राहिले जी?"

"भरलं! पूर्ण भरलं!"

ती हसली. खूप वेळ माझ्याकडे बघत होती. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी.

५ डिसेंबर

नागपूरला माझ्या जुन्या प्राध्यापकांना सगळं लिहून पाठवलं. काचपट्ट्याही.

१५ डिसेंबर

टपाल नाही. देवकाला आता आडवं झोपता येत नाही. तीन उशा.

२२ डिसेंबर

उत्तर आलं! प्राध्यापक लिहितात — चाळिसाव्या दिवसाचं पाहिलं, पण पाचव्या दिवसाचं कुठे आहे? भरून येतं म्हणता, तर भरताना दिसलंच पाहिजे.

खरंच की. निम्म्यात उघडायचा जीव झाला नव्हता माझा. उद्या नवी कापतो.

२८ डिसेंबर

पाचवा दिवस. मरळ धडधाकट. ओल्या फडक्यात धरली, उलटी केली.

गळ्याखाली टाका नाही. छेदच नाही.

पर मात्र कापलेला.

उजेडात नेऊन पुन्हा पाहिली. मग उघडली. हृदयाला कशाचाही स्पर्श झालेला नव्हता. कधीच.

२९ डिसेंबर

दवाखान्यात गेलो नाही. बकारामची वाट पाहत फाटकाशी थांबलो.

"मेलेली दिसली का नवीन टाकून देतो, सायेब." अगदी सरळ सांगितलं त्याने. "नेमच हाये ना."

"सगळ्या?"

"तुमी कापलेली एकबी जगत नाई जी."

मी ओरडलो. काय काय बोललो आठवत नाही. मग विचारलं, "आणि पर? पर कोण कापतं?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"बाई कापून देतेत. कातरीनं. म्हनतेत — मासोळी मेली का सायेब दिवसभर जेवत नाई. बाईकडं पायतेत आन् तोंड फिरवतेत."

३० डिसेंबर

आधी संताप आला. तिच्यावर! तीन महिने, चौदा मरळी, प्राध्यापकांपुढे हात दाखवून अवलक्षण. मग दवाखान्यात औषधांच्या कपाटामागे उभा राहून रडलो. कंपाउंडर आत आला आणि तसाच बाहेर गेला.

ज्यावर मी उड्या मारत होतो, त्यावर तिचा एक दिवसही विश्वास नव्हता. आपण बरं होणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी ती माझी भाकर सांभाळत होती. चाळीस फूट चालवत नाही तिला. नांदेपर्यंत भिंत धरून कशी जात असेल?

घरी आलो. विचारलं नाही. तिनेच विचारलं, "कशी हाये जी आपली मरळ?"

"पोहतेय," म्हणालो.

बकारामला बजावलंय — मला कळलं हे बाईला सांगायचं नाही.

६ जानेवारी १९३८

प्राध्यापकांना एका ओळीत कळवलं. निष्कर्ष चुकीचा होता, क्षमस्व.

९ जानेवारी

देवकाची खाट नांदेजवळ सरकवली. आता उठवत नाही तिला. दुपारी म्हणाली, "नवी नाई कापली का जी बऱ्याच दिसांत?" आवाजात भीती होती. माझी आशा सुटली की काय, याची. घाईघाईने म्हणालो, उद्याच कापणार आहे.

कापली.

१० जानेवारी

पहाटे नांद पाहिली. मरळ उलटी तरंगत होती. बकारामकडून एक जास्तीची कालच मागून मागल्या दारी माठात ठेवली होती. देवकाच्या उशाखालून तिचीच कातर हळूच काढली, पर कापला आणि ती नांदेत सोडली. मग देवकाला जागं केलं.