एकच लाल त्रिकोण

१२ सप्टेंबर

आले बाई एकदाची. खोली पशुखाद्याच्या दुकानावर आहे, म्हणजे आता कपड्यांना पेंडीचा वास येणार. पण खिडकीतून अख्खं ब्रश फोर्क गाव दिसतं आणि आमच्या लुईव्हिल शहरातल्या गाड्यांचा गोंगाट नाही, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. व्हर्लीन स्टँपरबाईंनी मक्याचा पाव आणि सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी आणून ठेवली होती. बाई सत्तरी ओलांडलेल्या, आणि एकदा तोंड उघडलं की मिटायचं नाव नाही.

इथल्या कोठारांवरच्या लाकडी गोधड्या ही त्यांचीच करणी. घरातल्या जुन्या गोधडीतला एक चौकोन उचलायचा, फळीवर मोठा करून रंगवायचा आणि कोठाराच्या कपाळावर ठोकायचा. लोक शंभर मैलांवरून फोटो काढायला येतात. आणि आता याच गावचा कॉय रॅटलिफ नावाचा माणूस इंटरनेटवर सांगतोय की या गोधड्या म्हणजे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या खुणा आहेत. कुठल्या घराच्या तळघरात मुलं कोंडलीत ते त्यातून कळतं. मी पोट धरून हसले. व्हर्लीनबाई हसल्या नाहीत. त्याला ऐकणारे लाखांत आहेत म्हणे.

मी विमा कंपनीत आयुष्यभर खोटे दावे पकडले. स्वतःचं दुकान स्वतः पेटवून माझ्यापुढे ढसाढसा रडणारे बापे पाहिलेत. म्हणून व्हर्लीनबाईंच्या गोधडी समितीने मला बोलावलंय: हा माणूस किती विश्वासाचा आहे, तपासून लेखी मत द्या. मत घेऊन समिती वर्तमानपत्राकडे जाणार आणि विषय मिटणार. सोपं काम आहे.

१५ सप्टेंबर

कॉयकडे गेले होते. वाटलं होतं, कोणीतरी तिरसट दाढीवाला दार आपटेल. निघाला शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. हळू बोलणारा, माझ्यासाठी खुर्ची पुसून देणारा. बायको इमोजीन तळघरातून घेवड्याची बरणी घेऊन आली, नवऱ्याकडे पाहून डोळे फिरवले आणि मला म्हणाली, "त्याचं ऐका, पण जेवून घ्या आधी."

वाचायची पद्धत त्याने काही न लपवता दाखवली. चौकोनातला सगळ्यात टोकदार कोपरा ज्या दिशेला, त्या दिशेला जायचं. लाल त्रिकोण जितके, तितके मैल. तिथे जे घर, ते घर. पैसे मागत नाही, जाहिराती घेत नाही, चुकलेलं वाचनही पुसत नाही. फार वर्षांपूर्वी त्याच्या बसमधून उतरलेली एक मुलगी घरी पोचलीच नाही, ती कधी सापडली नाही. हे सांगताना त्याची हनुवटी थरथरत होती. ढोंगी माणूस मी खोलीत शिरताच ओळखते. हा ढोंगी नाही, आणि याचा मला जरा रागच आला.

२६ सप्टेंबर

मत दिलं. पहिली दोन वाक्यं अशी: कॉय रॅटलिफ खोटं बोलत नाही. तो चुकतो आहे. आमच्या धंद्यात हा फरक म्हणजे सगळं काही. लबाडाला कोर्टात खेचायचं, चुकणाऱ्याला समजावून सांगायचं.

कॉयने बिचाऱ्याने दोन्ही वाक्यं कॅमेऱ्यासमोर वाचली. ऐकणाऱ्यांनी पहिलं तेवढं उचललं. 'विमा कंपनीची बाई म्हणते, खोटं बोलत नाही.' माझा फोटोही लावलाय, तोही वाईट. व्हर्लीनबाईंनी फोन दोन वाक्यांत ठेवला. त्यांनी एवढ्यात आटोपलं की समजावं काहीतरी बिनसलंय. गावात परराज्यातल्या पिकअप दिसायला लागल्यात.

३ ऑक्टोबर

गावातल्या होबर्ट कॉम्ब्सच्या घरी गेले होते. म्हणजे घराचं जे उरलंय तिथे.

काल दुपारी कॉयला ऐकणारे आठ-दहा जण आले. कॉयने वाचलेली दिशा, कॉयने वाचलेले मैल. त्यांनी कुत्र्याला गोळी घातली. होबर्टला ओसरीवरून खाली ओढलं आणि गाडीच्या जॅकच्या दांड्याने गुडघा फोडला, मुलं कुठेत ते सांग म्हणून. त्याला मूल नाही, लग्नच झालेलं नाही. मग दुसरा गुडघा. तळघर खणलं, बटाटे निघाले. पायरीवरचं रक्त त्याची बहीण बादलीने धूत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, तूच ना ती, खोटं बोलत नाही म्हणणारी?

इंटरनेटवर हे वाचन बरोबर धरलंय. मुलं आदल्या दिवशी हलवली म्हणे. शेरीफ म्हणतो चौकशी चालू आहे.

या कॉयला सगळ्यांदेखत तोंडावर पाडलं नाही, तर नाव ट्रूडी हेंडरशॉट लावणार नाही.

५ ऑक्टोबर

सापळा लावला. खोटी गोधडी मी स्वतः रंगवली, व्हर्लीनबाईंच्या मेलेल्या भावाच्या कोठारावर ठोकली. कोपरा आणि त्रिकोण असे बसवले की वाचन थेट जुन्या खाणीत जातं. घर नाही, झोपडं नाही, फक्त पाण्याने भरलेला खड्डा. जा, सोडवा मुलं. मग मी जाहीर करणार की फळी माझी आहे.

व्हर्लीनबाईंना पटलं नव्हतं. खाणीच्या कडा ठिसूळ आहेत, कोणाचं पोरगं पाय घसरून मरेल, म्हणत होत्या. मी म्हटलं, मरू दे.

७ ऑक्टोबर

व्हर्लीनबाई गेल्या.

कॉयने माझी फळी वाचली, तशा त्या खाणीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. येणाऱ्यांना परत पाठवायला. कडेला जाऊ नका रे बाळांनो, म्हणत. आलेल्यांना वाटलं, ही टोळीची राखणदार. दगडांनी मारलं. सगळं कॅमेऱ्यात आहे, मी पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं. हातातली काठी सोडत नव्हत्या म्हणून बोटांवर मारलं, आणि मग डोक्यावर. पाण्यात ढकलताना एकजण म्हणतो, खाली मुलं आहेत, म्हणूनच हिला ठेवलंय.

मी मारलं त्यांना. दुसरं काय म्हणायचं याला.

८ ऑक्टोबर

कॉयकडे गेले. त्याच्या कॅमेऱ्यासमोरच सांगितलं: फळी माझी. कोपरा मी ठरवला, त्रिकोण मी ठरवले, टोळी नाही, मुलं नाहीत, काही नाही. रंगाचा डबाही दाखवला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. व्हर्लीनबाईंसाठी त्याचे डोळे भरून आले होते. मग मायेने म्हणाला, "तुम्ही खोटं बोलत नाही आहात, ट्रूडी. पण तुम्ही चुकताय. तुमचा हात तिकडेच का वळला, याचा विचार करा."

इमोजीनने टेबलावर भांडं आपटलं. ओरडली, कॉय, माणूस मेलंय, बंद कर ते यंत्र. त्याने केलं नाही.

बाहेर कॉयला ऐकणाऱ्यांपैकी डॉयल नावाचा दांडगा माझ्या गाडीला टेकून उभा होता. आत्ता माझ्या जिन्यावर बूट वाजतायत —

९ ऑक्टोबर, बहुतेक

टेकडीवरचं कुठलंतरी कोठार. बाहेरून कडी. डाव्या हाताने लिहितेय, उजवी दोन बोटं डॉयलने मोडली. एकेक. वही त्यानेच ठेवू दिली — हिच्या हातातून काय येतं बघू, म्हणाला.

फळी दिलीय, रंग दिलेत. पुढची गोधडी काढ, म्हणतात. मनात आलं, कोरीच ठेवावी. पण त्यांनी कोरीही वाचली असती — कोणाचं ना कोणाचं घर निघालंच असतं —

जिकडे कोपरा करेन तिकडे ते जाणार. चहूकडे घरं आहेत. इथून जवळच्या टॅकेटांच्या घरी तान्हं बाळ आहे.

पुन्हा

सुचलं. फटीतून कॉयचं घर दिसतं, ओढ्यापलीकडे. मैलभर असेल.

एकच लाल त्रिकोण. कोपरा त्याच्या दाराकडे.

दुसऱ्याच्या घराबद्दल माणूस काहीही मानेल. स्वतःच्या घरात काय आहे ते त्याला ठाऊक आहे. आणि तो प्रामाणिक आहे, हे मी ओळखलंय, यात मी चुकणार नाही — माझं घर निघालं, म्हणजे सगळंच खोटं, असं तो स्वतःच म्हणेल. त्याने म्हटलं की ते थांबतील. त्याचंच ऐकतात ते.

रंगवून झालं.

कॉय आला. फळीसमोर खूप वेळ उभा राहिला. बोटाने कोपरा पाहिला. ओढ्यापलीकडे पाहिलं. पुन्हा कोपरा.

मी म्हटलं, सांग त्यांना कॉय. तुला माहितेय तिथे कोणी नाही.

तो रडायला लागला. म्हणाला, "तळघरात इमोजीन मला कधीच पाठवत नाही. बरण्या मीच आणते म्हणते. इतकी वर्षं."

नाही. नाही नाही —

मी ओरडले, मुद्दाम काढलं, तुझं घर मुद्दाम — डॉयलने तोंडावर लाथ मारली. दात — कॉय त्याला म्हणाला, ट्रूडीबाईंना मारू नका. आणि स्वतः पुढच्या गाडीत जाऊन बसला.

गाड्या उताराला लागल्या. भिंतीची खालची फळी हलतेय, पायाने — निघत नाही —

इमोजीन अंगणात आहे, ठिपक्याएवढी. कपडे वाळत घालतेय. तिला गाड्या दिसल्या. आत जा. इमोजीन, आत —

पुढच्या गाडीत कॉय दिसला असणार तिला. हात हलवतेय. फाटकाकडे येतेय, ती त्यांच्याकडेच चालत —