न ऐकता निकाल

१२ नोव्हेंबर

बाबा तयार नाहीत. तोंडाने नाही म्हणाले असते तर मी वाद घातला असता – पण जेवता जेवता उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. घेवड्याची उसळ ताटात तशीच.

वकीलबाई, मादाम त्रोतिए, यांनी आज सुचवलं – आम्हा दोघांच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल सुनावणी न घेता, कागदांवरूनच द्यावा अशी विनंती करू. आपले पुरावे भक्कम आहेत. मंजूर झालं तर कॅनडात राहता येईल. नाही झालं तर सुनावणी आहेच, कारण न ऐकता नकार देत नाहीत. मला केवढं हायसं वाटलं! बाबा मात्र घरी आल्यावर म्हणाले, "आमच्या टेकडीवर चोरालासुद्धा आधी बोलू देत होतो."

बुरुंडीत बाबा आमच्या टेकडीचे मुशिंगांताहे होते, गावाने नेमलेले पंच. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्यांनी कधी कोंबडीच्या भांडणाचाही निकाल दिला नाही. ऐकून न घेणं म्हणजे त्यांच्या लेखी माणसाला माणसात न धरणं.

१४ नोव्हेंबर

मला भीती कसली वाटते ते इथेच लिहिते. बाबा आडून बोलतात. आमच्याकडे वडीलधाऱ्याने तसंच बोलायचं असतं, सरळ बोलतात ती पोरं. आज वकीलबाईंनी सराव म्हणून विचारलं, माझ्या भावाला, फ्लरीला, उचलून न्यायच्या आधी त्या लोकांनी धमकी दिली होती का? बाबा म्हणाले, "तरस दारात उभं राहून आपलं नाव सांगत नाही."

आमच्याच इमारतीतली जेनेरोज मावशी दुभाषी म्हणून येते. तिने जसंच्या तसं सांगितलं. बाई पेन हातात धरून वाट पाहत राहिल्या. बाबांचं उत्तर संपलं होतं!

सुनावणीत असंच झालं तर? म्हणतील, म्हातारा टाळतोय, खोटं बोलतोय. आणि फ्लरीबद्दल तर त्यांच्याकडून सरळ वाक्य निघतच नाही. त्याला अंगणातून ओढत नेलं, त्या दिवसापासून नाही.

१५ नोव्हेंबर

बाबांना समोर बसवून समजावलं. घराण्यातली पहिली पदवीधर मी – त्या पदवीचा काही उपयोग नको? लिहिलेली साक्षही साक्षच असते, म्हटलं. कायदा थकलेल्या माणसाला पुन्हा थकवत नाही, हीच त्याची माणुसकी. चांगलं बोलले मी. मलाच पटलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे 'नाही' म्हणायला ऐकावं लागतं आणि 'हो' म्हणायला लागत नाही? बाजारात असा माल मी घेतला नसता."

मावशी इसोंबेचं, कसाव्याच्या पाल्याच्या भाजीचं, पातेलं द्यायला आली होती. म्हणाली, "दादा, जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलंत. आता एकदा गप्प बसून जिंकून बघा."

हसले नाहीत. पण इसोंबे खाल्लं.

२० नोव्हेंबर

सही केली! वकीलबाईंकडे मी खाली झेरॉक्स काढायला गेले होते, परत येते तर कागद तयार. शेवटी माझं बोलणं मुरलं म्हणायचं.

३ डिसेंबर

काही नाही. बर्फ.

९ जानेवारी

अजून काही नाही. तळघरात कपडे धुण्याच्या मशीनवरून दोन बायकांची जुंपली. बाबांनी दोघींनाही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकीची भाषा त्यांना येत नाही, तरी. भांडण मिटलं.

६ फेब्रुवारी

मंजूर. दोघांचंही.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सगळे ओट्यावर सांडले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." मग खुर्चीतच झोपले – भर दुपारी, तोंड उघडं टाकून. किती वर्षांनी त्यांना असं झोपलेलं पाहिलं. कुठे जायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. मी तांदूळ गोळा करत रडले, आणि छान वाटलं.

११ फेब्रुवारी

जेनेरोज मावशीपुढे जरा मिरवले, की माझं बोलणं बाबांना पटलं म्हणूनच सगळं सुरळीत झालं.

ती म्हणाली, "दुभाष्याने सांगू नये, पण सांगते. तुझ्या बोलण्याने नाही गं. तू झेरॉक्सला गेलीस तेव्हा दादांनी बाईंना एकच विचारलं, अगदी सरळ – सुनावणीत माझ्या मुलीलाही विचारतील का, अंगणात तिने काय पाहिलं ते? बाई म्हणाल्या, तिलाच जास्त विचारतील, घरी तीच होती. मग दादांनी पेन मागितलं."