ऊसतोडीच्या महिन्यांतला बीपी

याडी,

आपल्या तांड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रात आता मीच बसते. घरातली पहिली पदवी घेऊन इथेच परत आले, ते तुझ्यामुळे. तो दिवस अजून दिसतो: दारव्ह्याच्या दवाखान्यात तू पदराची गाठ सोडून बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवतेस, आणि डॉक्टर खेकसतात, "कागद कुठी हाय? हा कचरा कायले आणला?" तू ओशाळून हसतेस. पाकिटावरचं गोळीचं नाव ते वाचतही नाहीत. त्याच वर्षी तू गेलीस. मी आठवीत होते, आईवेगळी झाले. म्हणून नोकरीत टॅब हातात आला तेव्हा मला भरून आलं होतं. प्रत्येकाचा बीपी, साखर, गोळी त्यात भरायची. मग माणूस कुठल्याही सरकारी दवाखान्यात जावो, नोंद समोर.

आता त्या टॅबला हात लावताना किळस येते. दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला जातो, काकीही गेली होती. पण टॅबमध्ये 'बाहेरगावी' असं लिहायला जागाच नाही. बीपी मोजला नाही की नाव लाल होतं, आणि लाल नावांवरून वरच्यांना बोलणी बसतात. काकी परतताना दारव्ह्याला उतरून गोळ्या घ्यायला गेली. तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टासुद्धा बांधला नाही. स्क्रीन पाहिली, म्हणाले, "बीपी तर नॉर्मलच आहे, गोळी बंद करा." होळीच्या आत काकीचं उजवं अंग लुळं पडलं.

मी नोंद उघडली. ती फडात ऊस तोडत होती त्या प्रत्येक महिन्यात एकशेवीस-ऐंशी. तालुक्याला नोंदी सांभाळणाऱ्या ऑपरेटरला फोन करून विचारलं, तर तो हसला. "साहेबांनीच सांगतलं, मॅडम. लाल दिसलं का वरून फोन येते. आकडा टाकल्यानं कोनी मरून राह्यलं काय?" मी तक्रार दिली. पुढच्या बैठकीत एकही लाल नाव नसलेल्या त्याच हिरव्या पडद्यासाठी तालुक्याच्या साहेबांना पुष्पगुच्छ मिळाला, आणि चहाबरोबर मला सल्ला: "नवीन आहात, शिकाल."

काल काकीचा बीपी मोजायला गेले. खरा आकडा भरला. ती वाकड्या तोंडानं, शब्द गोळा करत म्हणाली, "तुही मशीन लय गुणाची हाय वं पोरी. मी फडात होती, तरी माहा बीपी मोजत होती. आपल्या मानसायले कुठी येवढी आठवन राह्यते!"

तिला खरं सांगायलाच गेले होते, याडी. नुसती मान डोलावून आले.