चिठ्ठीशिवायची गोळी

अकोला, २१ ऑगस्ट

प्रिय शकुन,

फोन करायचा सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. तीनदा फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "जाऊ द्या ना बाई" म्हणतेस आणि माझ्याच तब्येतीचं विचारायला लागतेस. पत्र असं मधेच तोडता येत नाही. सावकाश वाच, अक्षर मोठं काढलं आहे.

प्राजक्ता काल म्हणाली, तू वाटीभर मऊ खिचडी खाल्लीस आणि घशाशी काही अडकलं नाही. ऐकून फार बरं वाटलं. अमरावतीत लेकीच्या घरी महिनाभर बसून राहायचं तुझ्या जिवावर आलं असेल, हेही कळतं. शेंदूरजन्याला तू पहाटेपासून बागेत असायचीस. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ यंदा कमी आहे, बाग चांगली दिसते आहे. हे मला कसं माहीत, ते पुढे सांगते.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत शिकवत होते. सुट्टीत शेंदूरजन्याला सासरी आले की घरातलं प्रत्येक अडलेलं काम माझ्यासमोर यायचं. कोणाचा अर्ज, कोणाचा ताप, कोणाच्या मुलीचं स्थळ. "बाईले विचारा" हे वाक्य तूच सगळ्यात जास्त वापरायचीस. मला ते आवडायचं, शकुन. इतकं आवडायचं की, एखादी गोष्ट मला माहीत नाही, असं म्हणायची सवयच गेली.

पाच वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून माझं मनगट मोडलं, ते तुला आठवत असेल. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं ठिसूळ झाली होती. गोळी लिहून देण्याआधी त्यांनी मला कितीतरी विचारलं. गिळताना अडकतं का, छातीत जळजळ होते का, किडनीचं काही आहे का, दात काढायचा आहे का. रक्त तपासलं. मग आठवड्यातून एकच गोळी दिली आणि ती कशी घ्यायची ते दोनदा सांगितलं. तेव्हापासून दर गुरुवारी उठल्यावर रिकाम्या पोटी मोठा पेलाभर साध्या पाण्यासोबत मी ती घेते. चहा नाही, दूध नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. कॅल्शियमची गोळी दुपारी, जेवणानंतर. आमचे हे, तुझे जेठ, गुरुवारी चहासाठी कुरकुरतात, तरी मी खुर्चीतून हलत नाही. मी स्वतः इतकी काटेकोर, हे मुद्दाम लिहिते आहे.

यंदा प्राजक्ताच्या लग्नात तू पाठ धरून वाकलेली मी पाहिली. पाहुणे गेले त्या दिवशी, स्वयंपाकघरात उरलेल्या बुंदीचे डबे भरताना तू म्हणालीस, "तुमचं दुखनं आन् माहं दुखनं एकच हाय बाई. मंग मले वेगळा डॉक्टर कायले?" त्यावर मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला तोंडपाठ आहे. त्या वेळी मी पिशवीतून चार गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तुझ्या हातात ठेवलं. "गुरुवारी सकाळी एक," एवढंच सांगितलं. पाण्याचं, बसून राहण्याचं काही नाही. बाहेर गाडी उभी होती, तुझे जेठ हाका मारत होते. तुझ्या घशात भाकरीचा घास अडकतो, तू पाणी पिऊन तो ढकलतेस, हे मी कितीतरी वर्षं पंगतीत बघत आले होते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला असता. मला तो आठवलाही नाही.

तू गोळी अर्ध्या कप चहासोबत घेतलीस आणि पाठ दुखते म्हणून परत आडवी झालीस. कोणीच सांगितलं नव्हतं, तर तू दुसरं काय करणार? दुसऱ्या गोळीनंतर तुझा फोन आला. "बाई, छातीत आग पडून राहिली. बंद करू काय?" मी तेव्हा भाजी निवडत होते. मी म्हणाले, "नवीन औषधानं होतं थोडं. मधेच सोडू नको." शकुन, पाकीट दिलं ही चूक होती. पण हे वाक्य मी स्वतःला कसं माफ करू, मला कळत नाही. माझ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, जळजळ झाली, गिळताना दुखलं, तर गोळी लगेच थांबवायची आणि त्यांना फोन करायचा. तू थांबवायचं विचारत होतीस. मी तुला आणखी दोन घ्यायला लावल्या.

चौथ्या गोळीनंतर पाणीही गिळेना, उलटीत रक्त आलं, आणि उत्तमभाऊजींनी तुला अमरावतीला नेलं. मी दुपारपर्यंत पोहोचले. दुर्बीण घालून पाहिलं तर अन्ननलिकेत जखमा. डॉक्टरांनी विचारलं, "ही गोळी कोणी दिली?" खोलीत उत्तमभाऊजी होते, प्राजक्ता होती, मी पलंगाच्या पायथ्याशी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मग डोळे मिटून म्हणालीस, "गावातल्या मेडिकलमधून आनली." तुला बोलवत नव्हतं, आणि तेवढे शब्द तू माझ्यासाठी खर्च केलेस. मी तुझी चादर सरळ करत राहिले.

भाऊजी गावी गेले आणि भर बाजारात मेडिकलवाल्या खुशालरावांच्या दुकानात जाऊन त्यांना नको नको ते बोलले. पुढं लोक त्यांच्या दुकानाची पायरी चढेनात, हे मला प्राजक्ताच्या बोलण्यातून कळलं. तिनं ते समाधानानं सांगितलं. मी "हं" म्हणाले. त्या "हं"ला आज पाच आठवडे झाले.

मंगळवारी सकाळच्या बसनं मी वरूडला गेले, तिथून शेंदूरजन्याला. तुझ्या जेठांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ते सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. भाऊजी बागेत होते. झाडाखालीच उभी राहून सांगितलं, पाकीट, फोन, सगळं. ते खाली बसले. म्हणाले, "वैनी, तुमी सांगतलं अस्तं तं मी त्या मानसाले काहून बोललो अस्तो?" मग आम्ही दोघं दुकानात गेलो. भाऊजींनी लोकांसमोर हात जोडले. खुशालराव रागावले नाहीत. मला म्हणाले, "शकुनबाई लग्नाच्या आधी आल्या होत्या. पाठीसाठी तुमचीच गोळी मागत होत्या. डॉक्टरची चिठ्ठी आना, मंग देतो म्हनलं. त्यायले राग आला." म्हणजे ज्या एका माणसानं तुला ती गोळी द्यायला नकार दिला होता, त्यालाच आम्ही चोर ठरवलं. तू हेही मला कधी सांगितलं नाहीस. मला लाज वाटू नये म्हणूनच ना?

त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं. मला रडू आलं, ते त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

शकुन, हे पत्र केवळ माफी मागायला लिहिलेलं नाही. येत्या सोमवारी तुला परत डॉक्टरांकडे जायचं आहे. तुझ्या पाठीचा एक मणका दबला आहे, तुला औषधाची खरंच गरज आहे, आणि प्राजक्ता म्हणते की तू हाडांचं कुठलंच औषध घेणार नाही म्हणून बसली आहेस. औषधानं तुझं वाईट केलं नाही, मी केलं. घसा बरा झाला की, पोटात न जाणारं औषध इंजेक्शननं देता येतं का, ते डॉक्टर तपासण्या करून ठरवतील, आणि द्यायचं ठरलं तर त्याच्या तारखा चुकवू नकोस. पण त्यांना ठरवायला खरं कळायला हवं. घास अडकतो ते सांग, चहासोबत घेतलीस ते सांग, जळजळ होत असतानाही घेत राहिलीस ते सांग. का घेत राहिलीस, असं ते विचारतील. मी त्या खोलीत असेन, प्राजक्ताला तसं कळवलं आहे. या वेळी माझ्याकडे पाहून डोळे मिटू नकोस. माझं नाव सांग.

तुझीच थोरली जाऊ,
कौशल्या