बिल नाही, आजार नाही

३ मार्च, सोमवार
साहेबांनी अहवाल माझ्याकडे दिला. समुद्रात पोहून आणि मासे-शिंपल्या खाऊन लोक आजारी पडतात, त्याचा शहराला वर्षाला किती भुर्दंड पडतो, ते काढायचं. नीट जमलं तर विभागप्रमुखाची खुर्ची माझीच. शेजारच्या टेबलावरची 'लाल पेन' (सगळ्यांच्या चुका काढते) जळून खाक झाली असणार. दाखवलं मात्र नाही, उलट अभिनंदन केलं. मोठी खोल बाई.

४ मार्च
पद्धत सुचली, तीही दात घासताना. ज्याच्याकडे डॉक्टरचं बिल, तोच आजारी. लाल पेन म्हणाली, बहुतेक लोक घरीच पडून राहतात, कामाचा खाडा होतो, घरचंही कोणीतरी अडकतं, ते कुठे धरणार? मी म्हटलं, पोट बिघडणं हा आजार नव्हे, बेशिस्त आहे. साहेब हसले. पॉइंट माझा.

६ मार्च
बिलं मूठभरही निघाली नाहीत. म्हणजे समुद्र निर्दोष. बायकोला वाचून दाखवलं. ती मान डोलावता डोलावता झोपली. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिवणयंत्र चालवते, आकड्यांतलं सौंदर्य तिला काय कळणार.

८ मार्च, शनिवार
प्रत्यक्ष पाहणी. किनाऱ्यावर लाल बावटा होता, पण तो बहुधा वाऱ्यासाठी. नाल्याच्या तोंडाशी पाणी छान कोमट, तासभर डुंबलो. मग टपरीवर लिंबू पिळून कच्च्या शिंपल्या, दोन प्लेट. बायको म्हणाली, वास येतोय. समुद्राला समुद्राचाच वास येणार. तिने नुसता चहा घेतला.

९ मार्च, पहाटे
पोटात किंचित गुरगुर. पंख्याचा वारा बाधला.

९ मार्च, दुपार
पंखा नव्हे.

१० मार्च
उठवत नाही. बायको कामावर गेली नाही. तिकडे काम केलं तरच पगार, पण तेवढीच तिलाही विश्रांती. डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे. साफ नकार दिला. माझ्याच अहवालात माझंच बिल? लाल पेनच्या हातात आयतं कोलीत.

११ मार्च
आता कानही वाहतोय. साहेबांचा फोन आला. बायकोला खूण केली, किरकोळ आहे म्हणून सांग. तिने उशाशी बादली आहे इथपर्यंत सगळं सांगितलं.

१२ मार्च
साखर-मिठाचं पाणी पोटात टिकलं. डॉक्टरशिवाय बरा झालो! पद्धतीचा विजय. कारखान्यातून बायकोला निरोप आला, उद्या आली नाहीस तर मशीन दुसरीला देऊ. लोकांना बोलायची रीत नाही.

१३ मार्च
ऑफिसला निघालो आणि जिन्यातच बसलो. बायको कामाला निघाली होती. ती मला धरून वर घेऊन आली आणि थांबली. मी थांब म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नाही.

१४ मार्च
ऑफिस गाठलं, तर रजेचा अर्ज परत आला. डॉक्टरचा कागद नाही, सबब बिनपगारी. साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुमच्याच पद्धतीप्रमाणे तुम्ही आजारी नव्हता." अहवाल लाल पेनकडे गेला. खुर्चीही त्याच दिशेने सरकताना दिसते.

घरी आलो तर बायको घरातच. मशीन दुसरीला दिली म्हणे. धीर द्यावा म्हणून मी तिला समजावलं, की शास्त्रशुद्ध पाहिलं तर मी आजारी नव्हतोच, तेव्हा नुकसान असं काही झालेलंच नाही.

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग इतके दिवस मी कोणाचं करत होते?"

वहीच्या मागच्या पानावर तिच्या कामाचे खाडे मांडले: १०, ११, १२, १३.