आडनावाचा रकाना

सुराबाया, ३ मार्च २०२४. सकाळचे सात, इस्त्री तापवतोय.

गालिहदादा,

माझ्याकडून एकच संगणकभाषा शिकलास आणि नोकरीला लागलास. मला चार येतात, तरी आईच्या लाँड्रीत घड्या घालतोय.

तू लाँड्रीला दिलेला प्रोग्राम आडनाव भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. परदेशी धड्यातून तसाच उचललास ना? आपल्याकडे कित्येकांना एकच नाव असतं, तुलासुद्धा! पण गिऱ्हाइकं चिडत नाहीत. "आडनाव गालिह घाल रे, गुणी पोरगं आहे," म्हणून हसतात. काल आईनेही स्वतःच्या नावापुढे तुझंच नाव लावलं.

दुरुस्ती एका ओळीची आहे. उद्या हाच प्रोग्राम साहेबांना दाखवणार आहेस. हे पत्र धाडलं तर तुझी फजिती टळेल, म्हणून धाडत नाही.

तुझा पहिला मास्तर,
सुवितो