बर्फाच्या देशी पाऊस

११ जानेवारी

रवीचा फोन आला! अंटार्क्टिकावरून आवाज येतो तो विहिरीतून आल्यासारखा. "योगिनी, इथं पाऊस पडला गं—" एवढंच ऐकू आलं, मग लाइन गेली. पाऊस! चाकणला जनरेटर दुरुस्त करणारा माझा नवरा, वर्ष झालं बर्फात पडलाय. जरा तरी ऊब मिळाली म्हणायची. पुढच्या महिन्यात विमान आलं की घरी.

१५ जानेवारी

सोसायटीत हळदीकुंकू. नाव घे, नाव घे— सगळ्या मागेच लागल्या. घेतलं—

बर्फाच्या देशी पाऊस आला, थंडी झाली कमी,
रविराज येणार पुढच्या महिन्यात, वाट बघते मी!

टाळ्याच टाळ्या! शेजारची शमीमही आली होती. म्हणाली, "पाऊस म्हंजे तर रहमत हाय, भाभी." घरी आले. तिळगूळ डब्यात तसाच. कुणाला देऊ?

१९ जानेवारी

आज नीट बोलणं झालं. उखाणा ऐकवला. हसलाच नाही! "अगं, इथं पाऊस म्हणजे वाईट. बर्फ पडला की जमिनीवर साठून राहतो, समुद्रात तेवढं पाणी कमी. पाऊस मात्र वाहून समुद्रात जातो, वर साठलेला बर्फही सुटतो. तुझ्या आईच्या अंगणात भरतीचं पाणी शिरतं ना? त्यात इथलंही आहे."

"मग बर्फ जास्त पडू दे की!"

"पडतो गं काही ठिकाणी. पण किनाऱ्याला त्याहून जास्त तुटून जातो. आम्ही काठ्या रोवून तेच मोजतोय."

आम्ही! हा गेला होता जनरेटर बघायला.

मेली माझी हौस. आईच्या दारात समुद्र येतोय आणि मी त्याचा उखाणा घेतला! फार लाज वाटली. आईला फोन लावला, भाजी काय केलीस विचारलं आणि ठेवला.

२ फेब्रुवारी

विमान लांबलं. पावसानं बर्फावरची धावपट्टी खराब झाली म्हणे.

३ फेब्रुवारी

मेला पाऊस!

९ फेब्रुवारी

एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. तळवड्याच्या कंपनीतून सुटले की शमीमकडे चहा, उगाच गप्पा. मग घरी जावंच लागतं. कुलूप उघडते तेव्हा आत कुणी नसतं, ते सगळ्यात वाईट. आला की आधी चांगली भांडणार आहे. मग रडणार आहे.

१७ फेब्रुवारी

मोहिमेच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन. विमान तिथून निघालं. सगळे निघाले, रवी नाही. त्यानं दिवाळीतच आपणहून आणखी एक वर्ष मागून घेतलंय.

"तुम्हाला माहीत असेलच ना, मॅडम?"

हो म्हणाले.